गाडीतला सबवूफर ॲम्पला जोडताना: ओहमपासून अर्थपर्यंत

सबवूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले असतात आणि चुंबकाच्या मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत ओहम. जोडणी करणाऱ्याच्या कामाचा आकडा तो बारीक अक्षरांतला. ॲम्प (सिग्नलला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) किती ताकद देणार, किती तापणार, सारखा प्रोटेक्टमध्ये जाणार (स्वतःला वाचवायला बंद पडणार) की वर्षानुवर्षं निमूट चालणार, हे बरंचसं त्यावर ठरतं. उरलेलं ठरतं बॅटरीपासून येणाऱ्या वायरवर आणि गाडीच्या बॉडीला दिलेल्या अर्थवर, म्हणजे ॲम्पच्या मायनसच्या जोडणीवर. दुकानात मात्र या तीन गोष्टींवरच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास होणारी जोडणी घेऊ: पेट्रोल हॅचबॅक, डिकीत बॉक्समध्ये एक १२ इंची ड्युअल कॉइल (तारेच्या दोन गुंडाळ्यांचा) सबवूफर (४+४ ओहम, ५०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत सोसता किंवा देता येणारी ताकद) आणि एक क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) ॲम्प, जो ४ ओहमला ३०० वॅट आणि २ ओहमला ५०० वॅट आरएमएस देतो. २ ओहमच्या खाली तो चालवायचा नाही. तुमचे आकडे वेगळे असतील तर रीत हीच, फक्त गणित पुन्हा करायचं. आणि गणितात आरएमएस सोडून दुसरा कुठलाही वॅट धरू नका. ‘मॅक्स १५००’, ‘पीक २०००’ हे आकडे जोडणीच्या कामाचे नाहीत.

आधी ओहम जुळवा

शाळेच्या विज्ञानातली एकसर आणि समांतर जोडणी इथे जशीच्या तशी लागते. एकसर जोडणीत रोध बेरजेने वाढतो. समांतर जोडणीत दोन सारख्या रोधांचा निम्मा होतो.

आपल्या सबवूफरला दोन कॉइल आहेत, प्रत्येकी ४ ओहम. समांतर जोडल्या, म्हणजे दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र, तर ॲम्पला दिसतात २ ओहम. एकसर जोडल्या, म्हणजे पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला आणि उरलेली दोन टोकं ॲम्पला, तर दिसतात ८ ओहम. आपल्या ॲम्पची पूर्ण ताकद २ ओहमला आहे, म्हणून समांतर. ८ ओहमला जोडलं तर काही जळणार नाही, पण १५० वॅटच्या आसपासच हाती येतील आणि मग ‘बेस नाही’ म्हणत माणूस गेन (ॲम्पवरचा सिग्नल जुळवण्याचा स्क्रू) वाढवत बसतो.

कॉइल २+२ ओहमच्या असत्या तर समांतर जोडून १ ओहम झाला असता आणि हा ॲम्प त्यावर टिकला नसता. तिथे एकसर जोडून ४ ओहम करणं हाच पर्याय उरतो. म्हणूनच सबवूफर विकत घेताना ‘ड्युअल कॉइल आहे’ एवढंच ऐकून निघू नका. ४+४ की २+२ ते विचारा आणि ॲम्प कितीपर्यंत स्थिर आहे ते त्याच्या पत्रकात पाहा.

दोन सबवूफर लावणाऱ्यांनी कागदावर चित्र काढूनच पुढे जावं. दोन ४+४ घेतले आणि चारही कॉइल समांतर केल्या तर १ ओहम. प्रत्येकाच्या दोन कॉइल एकसर करून (८ ओहम) ते दोन सबवूफर समांतर केले तर ४ ओहम. या जोडीतून २ ओहम काही केल्या निघत नाहीत. २ ओहमच्या ॲम्पसाठी दोन सबवूफर हवे असतील तर २+२ चे घ्या: प्रत्येकाच्या कॉइल एकसर, म्हणजे ४ ओहम, आणि ते दोघे समांतर, म्हणजे २. सिंगल कॉइलचे ४ ओहमवाले दोन असतील तर सरळ समांतर, पुन्हा २. दोन वेगवेगळ्या मॉडेलचे किंवा वेगळ्या ओहमचे सबवूफर एका ॲम्पवर एकत्र करू नका. ताकद असमान वाटली जाते आणि एकाची कॉइल दुसऱ्याआधी जाते.

मोनोब्लॉकऐवजी दोन किंवा चार चॅनेलचा ॲम्प असेल तर सबवूफर बहुधा ब्रिज करून जोडतात: एका चॅनेलचा प्लस, दुसऱ्याचा मायनस, कुठले ते ॲम्पवरच रेघ मारून दाखवलेलं असतं. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो. ४ ओहमचा सबवूफर म्हणजे चॅनेलमागे २ ओहम. त्यामुळे असे बरेचसे ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. ‘२ ओहम स्थिर’ हा दावा सहसा ब्रिज न केलेल्या जोडणीचा असतो, हे विसरून कित्येक ॲम्प जळतात.

ड्युअल कॉइलच्या सबवूफरमध्ये एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडू नका. सोसण्याची ताकद निम्मी होते आणि आवाजही बिघडतो. आणि दोन्ही कॉइल जोडताना एकीचा प्लस-मायनस उलटला तर दोन्ही एकमेकींविरुद्ध ओढतात: कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जवळपास हलत नाही, आवाज येत नाही आणि कॉइल मात्र तापत राहते. याची तपासणी अगदी सोपी आहे. साध्या १.५ व्होल्टच्या पेन्सिल सेलचा प्लस सबवूफरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर यायला हवा. प्रत्येक कॉइलचं हे वेगळं बघा, मग जोडा.

सबवूफर बॉक्समध्ये कसून झाल्यावर बॉक्सच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. २ ओहमच्या जोडणीला मीटर १.६ ते १.९ च्या आसपास दाखवेल, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो आणि तो लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच असतो. मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवून येणारा आकडा (०.२ ते ०.४) त्यातून वजा करायला विसरू नका. ६ च्या पुढे आकडा आला तर जोडणी एकसर झाली आहे. ० आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. ही मोजणी ॲम्प जोडण्याआधी. नंतर केली तर उपयोग फक्त कारण कळण्यापुरता.

वायर: इथे पैसे वाचवू नका

किती करंट लागणार ते काढू. क्लास डी ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास धरली तर ५०० वॅट देण्यासाठी तो ६२५ वॅट ओढतो. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट मिळतात असं धरून भागलं की ४५ ॲम्पिअर. गाणं वाजताना सरासरी याच्या बरीच खाली असते, पण ठोका पडतो त्या क्षणी मागणी इथवर जाते आणि वायर त्या क्षणासाठी घ्यायची असते.

बॅटरीपासून डिकीपर्यंत हॅचबॅकमध्ये साधारण ५ मीटर वायर लागते. अंदाजावर जाऊ नका, एक सुतळी घेऊन ज्या मार्गाने वायर जाणार त्याच मार्गाने मोजा. या ५ मीटरमध्ये ४५ ॲम्पिअरला ८ गेजची (सुमारे ८.४ चौरस मिमी) शुद्ध तांब्याची वायर अर्धा व्होल्ट खाते. १६ चौरस मिमीची पाव व्होल्ट. ४ गेजची (सुमारे २१ चौरस मिमी) ०.२ च्याही खाली. आता तीच ८ गेज तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर पाऊण व्होल्टच्या आसपास जातो, आणि अर्थकडचा तोटा अजून मोजलेलाच नाही.

बाजारातल्या स्वस्त ‘१५०० वॅट वायरिंग किट’मध्ये बहुतेक वेळा हीच मुलाम्याची वायर असते, वर जाडजूड रबर आणि आत मूठभर तारा. ओळखायची कशी? एक तार काढून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की ॲल्युमिनियम. किंवा लायटरच्या ज्योतीत धरा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. मुलाम्याची तार पटकन मऊ पडून गळते, तांब्याची लाल होऊन तशीच राहते. हातात घेतल्यावर वजनही कळतं, तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड आहे.

चांगलं किट महाग वाटत असेल तर तांब्याची वेल्डिंग केबल घ्या. १६ किंवा २५ चौरस मिमीची, बारीक तारांची, लवचीक. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात ती मीटरवर मिळते. तिथेही एक तार खरवडून पाहाच. त्याच मापाचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कान) आणि वर चढवायला फ्लेक्झिबल पाइपही तिथेच घ्या. आपल्या उदाहरणाला १६ चौरस मिमी पुरते, पुढे ॲम्प मोठा करायचा विचार असेल तर २५.

बाकी यादी छोटी आहे. अर्थसाठी त्याच जाडीची अर्धा मीटर वायर. ॲम्प ते बॉक्स २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर दोन मीटर. घरच्या वायरिंगची मल्टिस्ट्रँड चालते, ‘स्पीकर वायर’ म्हणून वेगळं काही घ्यायची गरज नाही. रिमोटसाठी (ॲम्पला चालू होण्याचा इशारा देणारी वायर) ०.७५ किंवा १ चौरस मिमीची ६ मीटर. स्टिरिओचा सिग्नल ॲम्पपर्यंत नेणारी, ५ मीटरची शिल्ड असलेली आरसीए केबल. झाकणवाला फ्यूज होल्डर आणि ६० ॲम्पिअरचा फ्यूज, सोबत एक जादा. केबल टाय, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी), श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), पॉलिश पेपर, दातेरी वॉशर.

फ्यूज बॅटरीजवळच

फ्यूज ॲम्पला वाचवत नाही. ॲम्पला स्वतःचे फ्यूज असतात. बॅटरीजवळचा फ्यूज वायरला वाचवतो, आणि वायरच्या निमित्ताने गाडीला. कल्पना करा, बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जाड वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकातून, पत्र्याच्या कडेला घासत, कार्पेटखालून डिकीपर्यंत जाते. वर्षभराने कडेवर इन्सुलेशन सोललं आणि तांबं बॉडीला लागलं, तर छोटी बॅटरीसुद्धा शेकडो ॲम्पिअर ओतते. फ्यूज नसेल किंवा तो मागे डिकीत असेल तर ती सगळी वायर कार्पेटखाली निखाऱ्यासारखी तापते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वायर ४५ सेंटिमीटर जाण्याच्या आत, त्याहून जवळ जमलं तर उत्तम.

किती ॲम्पिअरचा? ॲम्पवरच्या फ्यूजची बेरीज करा. आपल्या ॲम्पवर ३०-३० चे दोन आहेत, म्हणून ६०. १६ चौरस मिमी तांब्याला ६० सोयीचा आहे. फ्यूज उडाला म्हणून १०० चा घालणं, किंवा रस्त्यात तार गुंडाळून काम भागवणं, हा आगीला दिलेला परवाना आहे. उडालेला फ्यूज काहीतरी सांगतो आहे, ते आधी शोधा.

दोन ॲम्प असतील तर मागे डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक (एका वायरच्या अनेक वाटा करणारा ठोकळा) लावा, आणि जिथे वायर बारीक होते तिथे त्या बारीक वायरच्या मापाचा दुसरा फ्यूज.

कामाला हात घालण्याआधी

गाडी बंद, चावी काढलेली. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस आधी सोडवा आणि बाजूला बांधून ठेवा. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मायनस जोडलेला असल्यामुळे सरळ शॉर्ट. जोडताना उलटा क्रम: मायनस सगळ्यात शेवटी. घड्याळ आणि एखाद्या गाडीत काचेची ऑटो सेटिंग पुन्हा करावी लागेल, तेवढं चालतं.

सीटखाली किंवा खांबांजवळ पिवळ्या आवरणाच्या वायर आणि पिवळे कप्लर दिसले तर ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे आहेत. त्यांना हात नाही, त्यांना टाय नाही, त्यांच्यावरून मल्टिमीटरही नाही.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवरच एक छोटा सेन्सर असतो, जो बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजतो. अशा गाडीत जादा अर्थ थेट बॅटरीच्या मायनस खुंटीवर लावला तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि चार्जिंगचा हिशोब बिघडतो. अर्थ बॉडीलाच द्या.

वायर ओढणे

फायरवॉलमध्ये कंपनीची वायरिंग जिथून आत येते तिथे मोठं रबर ग्रोमेट असतं. त्यातली एखादी बंद टोपी कापून वायर सरकवा. जागाच नसेल आणि भोक पाडावं लागलं तर आधी पलीकडे काय आहे ते टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंनी बघा, कडेला गंजरोधक रंग लावा आणि मापाचं ग्रोमेट बसवूनच वायर आत घ्या. उघड्या पत्र्यातून वायर कधीच नाही. वायर भोकात शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवा म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळीतून गळून जातं, वायरवरून आत येत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने चालणाऱ्या गाडीला ही झोळी आणि ग्रोमेटभोवती सिलिकॉनचा एक फेर, दोन्ही हवेत.

इंजिनच्या बाजूला फ्लेक्झिबल पाइप चढवा आणि एग्झॉस्ट, रेडिएटर फॅन, स्टिअरिंगचा दांडा यांच्यापासून दूर ठेवून दर वीतभर अंतरावर टाय मारा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे वायर उजव्या बाजूने आत घेतलीत तर क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. पेडलच्या वाटेत काही येता कामा नये.

पुढे दारांच्या पायरीवरची प्लास्टिकची पट्टी उचलायची, ती बहुतेक गाड्यांत क्लिपवर असते. स्क्रू ड्रायव्हरने ओरबाडू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. त्याखालून वायर मागे न्या. पॉवरची वायर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र बांधून नेल्या तर स्पीकरमध्ये खरखर शिरते. कुठे ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात ओलांडा.

अर्थ

जोडणीतला सगळ्यात स्वस्त भाग हा, आणि सगळ्यात जास्त दुखणी इथूनच. ॲम्पमध्ये प्लसने जितका करंट येतो तितकाच मायनसने परत जातो. म्हणून अर्थची वायर प्लसइतकीच जाड, आणि जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटर लांब.

जागा निवडताना बॉडीचा जाड, वेल्ड केलेला भाग बघा. सीटबेल्टचा बोल्ट वापरायचा नाही; तो जिवाचा बोल्ट आहे, त्यात लग घातला की त्याची पकड बदलते. डिकीच्या दाराचा पत्रा, बिजागरी, पातळ कंस हेही नको. नवीन भोक पाडणार असाल तर गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल चालवू नका: बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते आणि ब्रेकच्या नळ्या तिथूनच जातात.

जागा ठरली की पॉलिश पेपरने रंग आणि त्याखालचा प्राइमर पूर्ण घासा, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा चकाकता पत्रा दिसेपर्यंत. लग, दातेरी वॉशर, बोल्ट, मागून नट. घट्ट आवळा. नंतर वरून रंगाचा हात किंवा व्हॅसलीनचा थर द्या, नाहीतर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. समुद्रकाठच्या गाड्यांत तर वर्षातून एकदा हा बोल्ट उघडून बघावा.

लग वायरवर दाबून बसवायचे, हायड्रॉलिक किंवा लांब दांड्याच्या क्रिम्परने. पक्कडीने चेपलेला लग ओढून बघितला की निसटतो. नुसत्या सोल्डरच्या भरवशावर इंजिनजवळचा सांधा ठेवू नका, उष्णता आणि कंपनाने तो तडकतो.

सीएनजी गाडीचं थोडं वेगळं

महाराष्ट्रात आता डिकीत सिलिंडर असलेल्या गाड्या भरपूर आहेत. सिलिंडरच्या चौकटीला अर्थ लावायचा नाही, तिला स्क्रू मारायचा नाही, ॲम्प तिच्यावर टांगायचा नाही. झडपेकडे हात पोचेल आणि गॅस बाहेर जाण्याची वाट मोकळी राहील एवढी जागा सोडा. गॅसची नळी गाडीच्या तळाने पुढे जाते, म्हणून डिकीच्या तळाला भोक नकोच. अशा गाडीत १२ इंची बॉक्सचा हट्ट सोडून सीटखाली बसणारा, आत ॲम्प असलेला छोटा सबवूफर घ्यावा हे आमचं स्पष्ट मत आहे. त्यालाही वायर, फ्यूज आणि अर्थचे नियम हेच, फक्त करंट कमी.

सिग्नल आणि रिमोट

बाहेरून बसवलेला स्टिरिओ असेल तर मागे ‘सब’ लिहिलेला आरसीए असतो, आणि पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर असते, तीच रिमोट. स्टिरिओ चालू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. ही वायर फक्त इशारा देते. तिच्यावर पंखा किंवा एलईडीच्या माळा लावू नका, दोन-तीन उपकरणं जोडायची असतील तर मध्ये रिले (छोट्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घाला.

कंपनीच्या टचस्क्रीनला मात्र बहुधा आरसीए नसतो. तिथे मागच्या दोन स्पीकरच्या चार वायरवरून सिग्नल घ्यावा लागतो, एकतर ॲम्पच्या हाय लेव्हल (स्पीकरच्या वायर घेणाऱ्या) इनपुटमध्ये किंवा लाइन आउट कन्व्हर्टरमधून (स्पीकरच्या सिग्नलचा आरसीए सिग्नल करणारा डबा). डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस, चारही वेगळे. दोन मायनस एकत्र करून बॉडीला लावले तर स्टिरिओची आउटपुट आयसी जाते, कारण त्या मायनसवरही व्होल्टेज असतं. वायर कापून जोड देण्याऐवजी त्या मॉडेलचा तयार कप्लर मिळतो तो वापरा. वॉरंटीच्या वेळी वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं.

रिमोटसाठी कंपनीच्या स्टिरिओत वायर नसली तर हाय लेव्हल सिग्नल ओळखून आपोआप चालू होणारे ॲम्प मिळतात. नाहीतर फ्यूज बॉक्समधून, चावी ॲक्सेसरीवर फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढणारा तुकडा) लावून घ्या. कायम जिवंत वायरवर रिमोट जोडला तर ॲम्प रात्रभर जागा राहतो. नुसता बसलेला ॲम्प १ ॲम्पिअर ओढतो असं धरलं तरी ३५ एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी दीड दिवसात आडवी.

चालू करणे आणि गेन

ॲम्प कोरड्या, हवेशीर जागी, बॉक्सवर नाही तर मागच्या सीटच्या पाठीला किंवा प्लायवर कसा. बॉक्स सतत थरथरतो, ॲम्पचे सांधे सैल करतो. बॉक्सही पट्ट्याने बांधा. जोरात ब्रेक लागला की वीस-पंचवीस किलोचा बॉक्स पुढच्या सीटवर येतो.

जोडण्याचा क्रम: आधी अर्थ, मग प्लस, मग रिमोट, आरसीए, शेवटी स्पीकर. फ्यूज अजून बाहेरच. सगळं एकदा फिरून तपासा, बॅटरीचा मायनस लावा, मग फ्यूज घाला. घालताना बारीक ठिणगी दिसेल; ॲम्पमधले कपॅसिटर भरतात, घाबरू नका. ॲम्पच्या टर्मिनलवर गाडी बंद असताना १२.५ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओ किती व्होल्टचा सिग्नल पाठवतो त्याच्याशी ॲम्प जुळवण्याचा तो स्क्रू आहे. कानाने लावला की माणूस तो नेहमी पुढे नेतो, लाटेचा माथा कापला जातो आणि कापलेल्या लाटेत सरासरी ताकद जास्त असल्यामुळे कॉइल भाजते. जळक्या वार्निशचा वास आला म्हणजे उशीर झालेला असतो.

मीटरने लावायची रीत अशी. सबवूफरच्या वायर ॲम्पवरून काढा. गेन शून्यावर, बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, लो पास (ठरवलेल्या वारंवारतेखालचाच आवाज जाऊ देणारा फिल्टर) सगळ्यात वर, सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर) बंद. इंजिन चालू. ५० हर्ट्झचा, शून्य डीबीचा (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला) टोन, म्हणजे एकच सूर, वाजवा. साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झला, म्हणजे आपल्या घरच्या विजेच्या वारंवारतेला, सगळ्यात भरवशाचे असतात. स्टिरिओचा आवाज पूर्णच्या तीन चतुर्थांशावर ठेवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. थांबायचं कुठे? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. तिथे थांबा. ४ ओहमला ३०० वॅट असते तर ३४.६, १ ओहमला ५०० असते तर २२.४. सबवूफरची ताकद ॲम्पपेक्षा कमी असेल तर गणितात सबवूफरचे वॅट घाला.

टोन बंद, आवाज शून्यावर, मग स्पीकरच्या वायर परत लावा. लो पास ८० हर्ट्झला आणा. दारातल्या स्पीकरना त्याच ८० च्या आसपास हाय पास (वरचाच आवाज जाऊ देणारा फिल्टर) द्या, तेही सुटसुटीत वाजतात. बॉक्स पोर्टचा (हवेसाठी नळी असलेला) असेल तर सबसॉनिक त्याच्या ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या वारंवारतेला घुमतो तिच्या) थोडं खाली लावा, ३५ ला ट्यून केलेल्या बॉक्सला २८ ते ३०. ट्यूनिंगच्या खाली पोर्टच्या बॉक्समध्ये कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो मोकाट धावतो. बंद बॉक्सला ही काळजी कमी.

आता चालकाच्या सीटवर बसा, नेहमीचं गाणं लावा आणि फेजचं (सबवूफरची हालचाल उलटवणारं) बटण ०, मग १८० करून ऐका. ज्यात बेस भरीव आणि समोरून आल्यासारखा वाटतो ते ठेवा. बटण नसेल तर बॉक्सवरचा प्लस-मायनस अदलाबदल करून तेच होतं. हे दारं बंद ठेवून करा, उघड्या दारांचा निकाल खोटा असतो.

बिघाड शोधताना

ॲम्पचा दिवा लागतच नाही. मीटरचा मायनस ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर ठेवून प्लस मोजा, मग रिमोट मोजा. प्लस आहे, रिमोट नाही, तर दोष पुढे स्टिरिओकडे. दोन्ही नाहीत तर मीटरचा मायनस बॉडीच्या चकाकत्या पत्र्यावर ठेवून पुन्हा बघा. आता व्होल्ट आले तर अर्थ गेलेला आहे.

लाल दिवा, म्हणजे प्रोटेक्ट. स्पीकरच्या वायर काढा. दिवा हिरवा झाला तर वायरचा एखादा केस (बारीक तार) शेजारच्या टर्मिनलला लागलाय, वायर बॉडीला टेकलीय किंवा कॉइल शॉर्ट आहे. लालच राहिला तर आरसीए काढून बघा. तरीही लाल असेल तर ॲम्प दुरुस्तीला.

इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी. अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) आवाज सिग्नलमध्ये शिरतोय. बहुतेक वेळा अर्थ सैल किंवा रंगावर. तो नीट असेल तर आरसीए काढून फोन थेट ॲम्पला जोडा, फोन चार्जरवर नको. शिट्टी गेली तर दोष आरसीए केबलमध्ये किंवा स्टिरिओच्या अर्थमध्ये. फिल्टर विकत घेणं हा शेवटचा उपाय, आणि तो कारण झाकतो.

जोरात वाजवलं की बंद पडतो, कमी केलं की चालू. ४०-५० हर्ट्झचा टोन मोठ्या आवाजात काही सेकंदच वाजवून मीटर बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर बारीक आहे, किंवा फ्यूज होल्डर वा लग सैल आहे. हात लावा, सैल सांधा गरम लागतो. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून ॲम्पच्या मायनसपर्यंत, इथे ०.२ च्या वर नको. दोन्ही ठीक असूनही बंद पडत असेल तर ॲम्पला हवा मिळत नाही किंवा ओहम चुकलेत.

ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावतात. आपल्या छोट्या पेट्रोल गाड्यांची बॅटरी आणि अल्टरनेटर मोठ्या ॲम्पसाठी बनवलेले नाहीत. एसी, हेडलाइट, वायपर सगळं चालू असताना पावसात ५०० वॅट मागितले तर गाडी तेवढं देईलच असं नाही. जादा कपॅसिटर लावला तरी तो वीज तयार करत नाही, क्षणाचा खड्डा भरतो इतकंच. आधी बॅटरीची तब्येत तपासा, मग इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी हे कंपनीचे अर्थ जाड करा, अल्टरनेटर ते बॅटरीची वायरही, तीही फ्यूज घालूनच. तरी मंदावत असेल तर ॲम्पचा आकार गाडीला जास्त झाला आहे.

दोन सबवूफर लावूनही एकापेक्षा कमी बेस येतो तेव्हा त्यातला एक उलटा जोडलेला असतो. पेन्सिल सेल काढा आणि दोन्ही कोन एकाच दिशेला जातात का बघा.

महिनाभर गाडी चालली की सगळे टर्मिनल एकदा पुन्हा आवळा. जाड वायरचे केस दाबाखाली बसतात आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला स्क्रू अर्धा फेरा सैल झालेला सापडतो.